गव्यासाठी तीर

"मग किती जड करू, ते तरी सांग!"

जात्र्याचा आवाज चढला होता. वेस्ता बाबानं मान वर केली नाही. तो बांबूची कांडी निखाऱ्यावर धरून, फिरवून फिरवून सरळ करत बसला होता.

"कशासाठी?" बाबानं विचारलं.

"गव्यासाठी. आणखी कशासाठी?"

"गवा तर तू मारलास ना? अख्खा पाडा नाचला की."

टोमणा बरोबर जागी बसला होता.

ही गोष्ट सातपुड्यातली, त्या डोंगरात बंदूक पोचली नव्हती तेव्हाची. वेस्ता बाबा साऱ्या खोऱ्यातला जुना तिरंदाज आणि जात्र्या त्याचा लाडका चेला. पोराची नजर अशी, की नदीच्या या काठावरून पलीकडच्या झाडाचं मोहफूल पाडायचा. एवढ्या लांब पोचायचं म्हणून त्यानं आपले तीर हलके करून टाकले होते. पोकळ बोरूची दांडी, सुईसारखं पातं, पिसं कातरून बारीक केलेली. बाबा सांगायचा, जरा जड कर रे. पण ऐकतो कोण! वाहवा करणारे दहाजण भेटले की गुरूचं बोलणं म्हातारपणाची कुरकुर वाटायला लागते.

मागच्या बाजाराच्या दिवशी त्यानं एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या गव्यावर तीर सोडला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी ही शिकार. तीर लागला हे खरं. पण खांद्याच्या हाडावर पातं वाकलं, दांडी मोडली आणि जनावर रक्त गाळत झाडीत शिरलं.

जखमी जनावर पाणी शोधतं. गवा पाड्याच्या एकुलत्या एका झऱ्यावर येऊन बसला. जात्र्याची वहिनी ठगी पाण्याला गेली, तर अंगावर धावून आला. ती वाचली, पण मांडीचं हाड मोडून खाटेला खिळली. तेव्हापासून झऱ्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. म्हशींच्या डबक्यातलं पाणी लुगड्यातून गाळून लोक पीत होते, आणि लहान पोरं हगवणीनं बेजार झाली होती.

तसे पाड्यात धनुष्यवाले काही कमी नव्हते. पण तिथली रीत अशी, की ज्याचा तीर जनावराच्या अंगात, त्याच्याशिवाय दुसऱ्यानं त्यावर दोरी ओढायची नाही. त्याला जमत नसेल तर त्यानं चारचौघांत आपलं धनुष्य मोडावं, मग कुणीही मारावं. मात्र एकदा धनुष्य मोडलं, की त्या माणसानं जन्मात पुन्हा धनुष्याला शिवायचं नाही. कारभाऱ्यानं जात्र्याला आज सूर्य मावळेपर्यंतची मुदत दिली होती.

"मोडून टाक," बाबा म्हणाला. "सुटशील."

"नाही मोडणार."

"लाज वाटते?"

"वाटते! का नाही वाटणार? माझ्यामुळं वहिनी खाटेवर पडलीय. माझ्यामुळं पोरं घाण पाणी पितायत. माझं जनावर आहे, बाबा. मीच संपवणार."

बाबानं पहिल्यांदा मान वर केली. जात्र्याकडं नीट बघितलं...

मग उठून त्यानं छपरात खोचलेला एक तीर ओढून काढला. भरीव बांबूची दांडी, हाताच्या पंजाएवढं लोखंडी पातं, दोन्ही बाजूंनी धारेचं. पात्याची मान आतड्याच्या तातीनं घट्ट आवळून वर लाख चढवलेली. मागं गिधाडाची रुंद पिसं. जात्र्यानं हातात घेतला, तर मनगट खाली गेलं.

"हा तीर आहे का मुसळ?" तो बोलून गेला.

बाबानं ओलं गवत कोंबलेल्या टोपलीवर म्हशीचं जुनं कातडं ताणलं आणि ती शेताच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

"तुझा मार आधी."

जात्र्यानं आपला हलका तीर सोडला. सूं करून गेला आणि बरोबर मधोमध लागला. पण लागला आणि कातड्यावर लोंबकळत राहिला.

"आता हा."

जात्र्यानं जड तीर कानापर्यंत ओढून सोडला. तो अर्ध्या वाटेतच मातीत घुसला.

जात्र्यानं कपाळावर हात मारला. "घ्या! तो पोचतो, पण शिरत नाही. हा शिरेल, पण पोचतच नाही! बाबा, पोचेल आणि शिरेलही, असा तीर नाही का तुझ्याकडं?"

"आहे."

"कुठाय?"

बाबा संथपणे चालत गेला. मातीतून तोच जड तीर उपटला, धोतराला पुसला. मग जात्र्याचं मनगट धरून त्याला शेतातून पुढं नेऊ लागला. पुढं... आणखी पुढं... कातड्यावरच्या माशा दिसायला लागल्या तिथं थांबला.

"हं. ओढ."

दोरी सुटली. कातडं फाटलं, गवत फाटलं आणि पातं टोपलीच्या पाठीतून बाहेर आलं.

"वा!" जात्र्या ओरडला. मग त्यानं आपल्या पायांकडं बघितलं, आणि तिथून टोपलीकडं.

"बाबा... इथून तर गव्याचा श्वास ऐकू येईल."

"येईल की."

"त्यानं मला बघितलं तर?"

तीर काढून बाबानं पात्याला पुन्हा दगड लावला.

"खांद्यावर मारू नको," तो म्हणाला. "तिथं हाडाची भिंत आहे. पुढचा पाय त्यानं पुढं टाकला की मागं बगल उघडी पडते. तेवढीच जागा."

"आणि पाय टाकेपर्यंत मी काय करू?"

"उभा राहा."

जात्र्या निघाला. वाऱ्याच्या तोंडावर, ओणवा, झुडपाआडून झुडपाआड सरकत झऱ्यापाशी पोचला. गवा पाण्याच्या कडेला आडवा उभा होता. काळाकभिन्न देह, खाली पांढरे पाय. खांद्यात जात्र्याचीच मोडकी दांडी, तिच्याभोवती माशांचं मोहोळ. ते बघून जात्र्याला भडभडून आलं. चुकलो रे, तो मनात म्हणाला.

तो आणखी पुढं सरकला. आता श्वास ऐकू येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. सोडावा आत्ताच, लागेल कुठंतरी... सवयीनं त्याचा हात दुसऱ्या तीरासाठी पाठीकडं गेला. पाठीवर काही नव्हतं. हातातला हा एवढाच तीर.

जात्र्या श्वास रोखून उभा राहिला. गव्यानं मान वळवली. त्याच्याकडं बघितलं. जात्र्या हलला नाही. पळायचं असतं तर धनुष्यच मोडलं असतं, त्यानं स्वतःला बजावलं. गव्यानं फुसकारा टाकला, आणि पांढरा पाय पुढं टाकला.

तीर पिसांपर्यंत आत गेला. जनावर झाडी मोडत पळालं, करवंदीच्या जाळीत कोसळलं आणि निपचित झालं.

ऊन उतरायच्या आत झऱ्यावर बायांची झुंबड उडाली. पहिला हंडा ठगी वहिनीच्या खाटेशी गेला. ढोल वाजायला लागला. पण जात्र्या नाचायला थांबला नाही. तो तडक बाबाच्या झोपडीकडं आला. पाया पडणं राहिलं बाजूला, दारातूनच कडाडला:

"छपरात तसले आणखी तीर आहेत, मी बघितलेत! आणि मला एकच दिलास? चुकला असता तर? मेलो असतो मी, बाबा!"

बाबानं निखाऱ्यावरची कांडी फिरवली. डोळ्यासमोर धरून ती सरळ झाली का बघितली...

"दुसरा दिला असता," तो म्हणाला, "तर पहिला हलका झाला असता."