खळं मोडायचं कधी?

फार पूर्वी डोंगरउतारावरच्या एका गावात एका धाकट्या भावाने भरल्या चावडीत विचारलं, "खळं मोडायचं कधी?"

गावाची रीत अशी होती, की सुगीला उताराच्या माथ्यावरच्या कुरणात सगळ्यांनी मिळून खळं करायचं. गवत खरवडायचं, पाणी शिंपडून बैल फिरवायचे, माती दगडासारखी झाली की शेणाने सारवायची. मळणी उरकली की पावसाआधी ते नांगरून टाकायचं. पण त्या वर्षी पीक अमाप आलं आणि खळं अर्ध्या कुरणाएवढं झालं. मळणीनंतर तिथे बैलगाड्या उभ्या राहू लागल्या, गुरं बसू लागली. एवढी छान जागा मोडायला कुणाचा हात उठेना.

खळ्याच्या बरोबर खाली थोरल्याचं शेत होतं, त्याखाली घर. आईबापांमागे थोरल्याने आणि वहिनीनेच धाकट्याला वाढवलं होतं.

एकदा धाकट्याच्या हातून घागर खळ्यावर कलंडली. थेंबही न मुरता पाणी उताराला लागलं. त्याने दुसरी घागर शेजारच्या गवतात ओतली. पाणी तिथल्या तिथे गडप! तसाच तो चावडीवर धावला.

त्याचा प्रश्न ऐकून पाटील हसले. "लग्नाची घाई समजते रे, ही नांगराची कसली घाई?"

चावडी खदखदली. धाकट्याने तडक बैल जुंपले. खळ्यावर थोरल्याने त्याचा हात धरला.

"गावाची जागा आहे. पेरण्या होऊ देत, मग सगळे मिळून मोडू."

"दादा, खाली तुझं घर आहे!"

"कळतंय मला. चल आधी, वहिनी जेवायची थांबलीय."

दादाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने नांगर सोडला.

पेरण्या झाल्या. खळं तसंच राहिलं.

आषाढात एका दुपारी आभाळ फाटलं. धाकटा बैल घेऊन कुरणात होता. गवतातून पाणी झिरपत, निवळ उतरत होतं. खळ्यावरचं मात्र एकवटलं, काठावरून उसळलं आणि दादाच्या नुकत्याच पेरलेल्या भुसभुशीत रानात घुसलं. बघता बघता माणूस बुडेल एवढी घळ पडली.

"दादा! वहिनी! बाहेर या!"

ओरडत तो धावला. चिखल त्याच्याआधी पोचला.

गाव खोरी घेऊन आलं. घर उकरलं तेव्हा दोघं दाराशीच सापडली. थोरल्याचा हात कडीवर होता.

पावसाने उघडीप दिली तसे धाकट्याने दादाचे बैल जुंपले. कुणाला विचारलं नाही. उताराला आडवी तासं घेत तो खळं फोडू लागला. पाटील पुढे आले. "पोरा, मी धरू का नांगर?"

"आता नको," तो म्हणाला.

मग एकेकाने घरचे बैल आणले. संध्याकाळपर्यंत खळं उरलं नाही.

धाकटा खाली उतरला. घराचं दार होतं तिथे त्याने कुरणातल्या गवताचा एक ठोंब लावला. वर घागरभर पाणी ओतलं आणि सगळं मुरेपर्यंत तिथेच बसून राहिला.

तात्पर्य: तुडवून घट्ट केलेली जमीन पाणी पोटात घेत नाही, खालच्याच्या दारात धाडते. काम सरलं की ती वेळेवर मोकळी करावी. मागून केलेली नांगरट गेलेल्यांना परत आणत नाही.