खोट्या चिनी मातीचा पेला

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, एका राजाकडे दर्यापारचा व्यापारी आला. त्याने चिनी मातीचा पेला आणला होता. पांढराशुभ्र, आणि इतका पातळ की आत दिवा ठेवला तर उजेड बाहेर दिसावा!

व्यापारी नाक वर करून म्हणाला, "महाराज, तुमच्या कुंभारांना हे सात जन्मांत जमायचं नाही."

झालं! राजा इरेला पेटला. कुंभारांना बोलावून म्हणाला, "दिवाळीपर्यंत असा पेला घडवा. नाही जमला, तर कुंभारवाड्याची जागा या व्यापाऱ्याच्या वखारीला देईन!"

कुंभारांच्या तोंडचं पाणीच पळालं. पांढरी माती गावात होती, पण तिच्या पेल्यातून उजेड काही आरपार जाईना. सगळे कपाळाला हात लावून बसले.

कुंभारवाड्यातली तान्हाई म्हातारी मात्र कासाराकडे गेली आणि बिनरंगी बांगड्यांचे तुकडे पदरात घेऊन आली. म्हणाली, "उजेड काचेतून जातो ना? मग मातीत काच कुटून घालू."

घातली. पण जन्माची सवय नडली हो! ज्याचा आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, जास्त धगधगे, तो मोठा कुंभार, अशी तिथली रीत. त्यांनी लाकडावर लाकूड रचलं. आवा उघडला, तर पेल्यांचा नुसता लगदा! वखारीची जागा मोजायला आलेला व्यापारी पोट धरून हसला.

तान्हाई कडाडली, "अरे मेल्यांनो, काच ती! तिला मातीइतकी आग सोसेल का?"

दिवाळीला चारच दिवस उरले होते. या खेपेला ती स्वतः आव्यापाशी बसली. जो लाकूड घेऊन येई, त्याला म्हणे, "तुझा मोठेपणा घाल चुलीत! ठेव ते खाली." जुनी खोडं रुसली, पण आच मंदच राहिली.

दिवाळीला भर दरबारात पेल्यात दिवा ठेवला. पेला उजळून निघाला!

व्यापारी ओरडला, "नकली आहे! यात काच आहे!"

"आहेच की," तान्हाई म्हणाली. "लपवतंय कोण? तुमच्या देशची माती आमच्याकडे नाही, म्हणून आमच्या मातीत काच घातली. उजेड दिसतोय ना?"

राजा खळखळून हसला. कुंभारवाड्याची जागा त्याने कुंभारांच्या नावे कायमची करून दिली. कुंभारवाड्यात ढोल वाजले, आणि दुसऱ्या दिवशी तो व्यापारीच शंभर पेले मागायला तान्हाईच्या दारात उभा राहिला.

हाताशी आहे त्याचा स्वभाव जो ओळखतो, त्याचं कशावाचून अडत नाही.