घसरल्याची खूण

"मग मी का नाही उतरायचं, बाबा?"

मार्तंड हे तिसऱ्यांदा विचारत होता. कोंडाजीबाबा खडकावर बसून कमरेला दोर बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माझा दम तुमच्याहून मोठा आहे. तुम्हीच म्हणाला होता."

"म्हनलो व्हतो."

"तुमची सत्तरी उलटली."

"उलटली."

"मग?"

"घरच्या मानसानं उतरायचं न्हाई. घरच्यानं पाठ करून बसायचं... रीत हाय."

"रीत केली कुणी?"

"जो उतरला आन् वर आला न्हाई, त्यानं."

खाली कातळातल्या रांजणात त्याची बायको होती.

त्या नदीचे पात्र ज्याने पाहिलेले नाही, त्याला सांगून पटायचे नाही. अर्धा कोस लांब काळाभोर कातळ, आणि त्याची नुसती चाळण झालेली. वैशाखात नदी मधल्या अरुंद चरात अंग चोरून वाहते आणि दोन्ही बाजूंना हे रांजण उघडे पडतात. कुठे तांब्या मावेल एवढा, कुठे अख्खी बैलगाडी गिळेल एवढा. पावसाळ्यात पुराबरोबर आलेला गोटा एखाद्या खळग्यात अडकतो, गरगर फिरत बसतो आणि कातळ घासत राहतो. असे हजारो वर्षे चालले आहे. रांजणांच्या भिंती आतून तूप लावल्यासारख्या गुळगुळीत आहेत. तिथे गवताची काडी उगवत नाही, पाखरू बसत नाही.

एकदा शहरातून कोणी पाहुणे हे बघायला आले होते. म्हणाले, "हे पृथ्वीवरचं वाटतच नाही." बाबा म्हणाले, "पृथ्वीवरचंच हाय. तुमी पृथ्वी बघितली न्हाई." पाहुण्यांना तो विनोद वाटला.

सगळ्यात मोठ्या रांजणाला तळच नाही, असे गाव म्हणते. सात बाजांचे सुंभ उसवून, एकाला एक जोडून खाली सोडले तरी टेकत नाही म्हणे. कोंडाजीबाबांनी तो तळ अकरा वेळा पाहिला होता. प्रत्येक वेळी तिथे कोणीतरी होते. पण गावाला त्यांनी कधी काही सांगितले नाही. तळ नाही या भीतीने तरी माणसे लांब राहतात, एवढाच त्यांचा हिशेब.

बाबा जातीचे भोई. बुडालेल्याला वर काढायचे काम त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. मुलगा नव्हता, म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी मार्तंडाला शिकवायला घेतले. मार्तंड त्याच गावचा, मॅट्रिक झालेला, पोहण्यात तालुक्यात पहिला. शिकला भराभर, हे कबूल करायला हवे. पण शिकलेले त्याच्या पोटात राहीना. उथळ पाण्याला खळखळाट फार.

बाबांनी दोराचे दुसरे टोक त्याच्यापुढे धरले.

"धर."

"मी?"

"दुसरं कोन हाय? एक झटका म्हंजी ढील. दोन म्हंजी ओढ. आन् काय बी झालं तरी मागं बघायचं न्हाई."

मार्तंडाने दोर हातात धरला आणि रांजणाकडे पाठ करून बसला. शेजारी सगुणाचे वडील, नामाजी, आधीच तसे बसलेले होते. खालच्या अंगाच्या गावाहून म्हातारा सांगावा मिळताच उन्हातून चालत आला होता. पायात वहाणा नव्हत्या.

बाबा त्या मोठ्या रांजणाच्या तोंडाशी वाकले. उतरण्याआधी नाव घेऊन हाक मारायची असते.

"सगुणा... मी कोंडाजी. तुला न्याया आलोय, बाय."

हाक त्या गोल भिंतींवरून फिरत खाली गेली. मग बाबांनी तळ गाठायला वजन म्हणून पोटाशी धोंडा धरला. पाणी वाजले.

दोर मार्तंडाच्या हातातून सरसर निघाला आणि थांबला.

"भांडान झालं व्हतं का?" नामाजींनी समोर बघतच विचारले.

"नाही."

हे खोटे नव्हते. भांडण झाले असते तर बरे झाले असते. सकाळी तो निघाला तेव्हा सगुणा उंबऱ्यात बसली होती. आठ महिने हे असेच चालले होते. उजाडले की हा नदीवर, अंधारून आले की घरी, आणि घरी आल्यावर तोंडात फक्त मढ्यांच्या गोष्टी. सगुणा म्हणाली, "मानूस बुडाल्याबिगर तुमचं त्याच्याकडं लक्ष जात न्हाई." मार्तंडाला ते वाक्य आवडले. तो हसला, आणि तसाच निघून आला.

"ती घसरायची न्हाई," नामाजी म्हणाले. "नदीकाठची पोर हाय. दगडावर पाय कसा ठिवायचा, त्ये मी शिकिवलं तिला..."

काठावर सगुणाची घागर होती. रिकामी. चुंबळ घागरीच्या तोंडावर नीट ठेवलेली. उन्हाळ्यात आड आटला की बायका रांजणाचेच पाणी भरतात, तेव्हा तिने तिथे येण्यात नवल नव्हते. पण पाणी भरायला वाकलेल्या बाईच्या हातात घागर असते. सगुणा घागर ठेवून का वाकली, असे सकाळपासून गावातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या. मार्तंड दिसला की गप्प होत होत्या.

घसरली असेल, तर तो सुटत होता. उडी घेतली असेल, तर जन्माचा अडकत होता. गोष्ट एवढीच होती, आणि तिचे उत्तर रांजणाच्या तळाशी होते.

उत्तर वाचायचे कसे, हे त्याला येत होते. बाबांनीच शिकवले होते. माघात एक मेंढपाळ वर काढला, तेव्हा बाबांनी त्याचे हात उलटे करून दाखवले. एकही नख धड नव्हते. बोटांची टोके सोललेली. "ह्यो घसरला," बाबा म्हणाले. "घसरल्याला जगायचं असतं. रांजनाला धराया जागा न्हाई, तरी त्यो भित खरवडत ऱ्हातो. हात चालतोय तवर सोडत न्हाई." आणि उडी घेतलेला? बाबांनी मेंढपाळाचे हात पुन्हा त्याच्या छातीवर ठेवले. मग म्हणाले, "त्येची नखं शाबूत असत्यात."

एवढे शिकून मार्तंडाने काय करावे? चैत्रात वरच्या गावची एक लेक रांजणातून मेलेली निघाली. काठावर शंभर माणूस. तिची आई ऊर बडवत सांगत होती, पाय निसटला हो माझ्या पोरीचा, पाय निसटला. मार्तंडाने त्या पोरीचा हात धरून सगळ्यांना दाखवला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? नखं बघा. एक तुटलेलं नाही. उडीच ही." चार लोकांनी माना डोलावल्या. केवढी विद्या पोराला!

आईचे रडणे एकदम थांबले. ती पुन्हा रडली नाही, असे म्हणतात.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मार्तंडाला काही बोललेही नाहीत. मार्तंडाला वाटले, म्हाताऱ्याला आपले कौतुक सहन झाले नाही.

दोराला दोन झटके बसले.

मार्तंडाने ओढला. दोर हलका आला. मागे पाणी फुटले, आणि बाबांचा श्वास ऐकू आला. लोहाराच्या फुटक्या भात्यासारखा.

"न्हाई घावली... तळाला कपार हाय. कपारीत गेली."

"बाबा, मी उतरतो. पाया पडतो तुमच्या. तुम्ही मराल."

"मरंन."

"मग हट्ट कशाला?"

"तू बायकू आनाया जानार हाईस का नखं बघाया?"

नामाजींनी पहिल्यांदाच मार्तंडाकडे वळून पाहिले आणि पुन्हा समोर बघू लागले.

पाणी वाजले. दोर गेला. या वेळी जास्त गेला.

मार्तंड आकडे मोजू लागला. शंभराच्या पुढे बाबा कधी गेले नव्हते. ऐंशी झाले. शंभर झाले. दोर हातात मेल्यासारखा पडला होता. त्याला भीती वाटली, आणि खरे सांगायचे तर ती एकट्या बाबांसाठी नव्हती. म्हातारा खालीच राहिला तर सगुणाही खालीच राहणार, आणि मग कधीच काही कळणार नाही. असे आपल्या मनात आले, याची त्याला लाज वाटली. लाज वाटूनही ते मनातून गेले नाही.

दोन झटके.

या वेळी वजन होते. त्याने दोन्ही टाचा कातळाच्या खाचेत रोवल्या आणि ओढले. तळहात सोलून निघाले. नामाजी उठले, त्याच्या मागे येऊन दोराला हात लावला. दोघे पाठमोरे ओढत राहिले. शेवटी खडकावर पाणी सांडल्याचा आवाज आला, ओल्या लुगड्याचा आवाज आला.

"वळू का?"

"थांब."

कापड फाटल्याचा आवाज झाला. बराच वेळ गेला.

"बाबा..."

"थांब म्हनलं ना!"

बाबा त्याच्यावर असे कधी ओरडले नव्हते.

"...आता वळा."

सगुणा काळ्या कातळावर निजलेली होती. पदर नीट केलेला. तोंड उघडे, केस मागे सारलेले. बाबांनी आपला पटका फाडून तिचे दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळले होते आणि वर गाठ मारली होती. स्वतः बाबा शेजारी उकिडवे बसले होते, थरथरत. वैशाखाच्या उन्हात त्यांना हुडहुडी भरली होती.

नामाजी लेकीच्या उशाशी बसले. त्यांनी तिच्या कपाळावरचे पाणी धोतराच्या सोग्याने पुसले. पुन्हा पुसले. मग त्या गुंडाळलेल्या हातांकडे बोट केले.

"मार्तंडा, बघ."

"मामा..."

"तुला कळतं म्हंत्यात. चैतात त्या पोरीचं तू सांगितलंस, आख्ख्या मुलखानं आयकलं. आता माज्या पोरीचं सांग. काय आसंल त्ये आसूं दे. म्या आयकतो."

मार्तंडाने बाबांकडे पाहिले.

"तुम्ही पाहिलीत ना नखं?"

"पाहिली."

"मग सांगा."

"न्हाई."

"कधीच नाही?"

"माज्याबरुबर जळंल त्ये."

"गाठ सोडू?"

बाबांनी सगुणाचे गुंडाळलेले हात उचलले, जपून, निजलेल्या लेकराला उचलावे तसे, आणि मार्तंडाच्या मांडीवर ठेवले. मग ते मागे सरकून बसले.

हात थंडगार होते. पटक्यातून पाणी गळत होते. ते पाणी लाल होते, की मार्तंडाच्या सोललेल्या तळव्यांचे रक्त त्यात मिसळत होते, ते त्याला ओळखता येईना. त्याने गाठीला बोटे लावली. ओली गाठ घट्ट बसली होती. नामाजी श्वास रोखून बघत होते.

एक पीळ सुटला.

मार्तंडाचे डोळे मिटले गेले. ओठ हलू लागले. इतका वेळ आत दाबून ठेवलेले आपोआप बाहेर आले, आणि त्या उघड्या कातळावर तिघांनाही ऐकू गेले.

"तुटलेली असू देत... आई, तुटलेली असू देत. सगळी तुटलेली असू देत..."

बाबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. अडवायला नव्हे. नुसता ठेवला.

"किती येळ खरवडाया हवं व्हतं तिनं, मार्तंडा... म्हंजी तू सुटला असतास?"