राजाचं गुपित आणि पिंपरूळचा बाजार

"बंद! कसबे पिंपरूळचा शुक्रवारचा बाजार आजपासून कायमचा बंद!"

राजा चंडप्रताप भर बाजारात रथावर उभा राहून गरजला आणि तानूबाई कासारणीच्या हातातली हिरवी बांगडी कचकन पिचली.

कारण काय, तर मुंडासं! महाराजांनी गुपचूप एक जांभळं मुंडासं विणायला टाकलं होतं. राजधानीत खुद्द राणीसाहेबांना त्याचा पत्ता नव्हता. पंचवीस कोसांवरच्या पिंपरुळात मात्र त्याचा रंग, लांबी, एवढंच काय, ते महाराजांना शोभणार नाही हेसुद्धा बाजारात ठरून मोकळं झालं होतं!

"आमची राजधानी बघा!" महाराज म्हणाले. "लाखभर वस्ती, पण कोणी कोणाच्या भानगडीत नाही. गेल्या साली आमचा हत्ती सुटला आणि तीन दिवस भर पेठेत उभा राहिला. एकानं विचारलं नाही, की बाबा, हा कोणाचा? लोक खालून वाकून जात होते! याला म्हणतात शहर. आणि तुम्ही? इथं कोणी शिंकलं, तर पलीकडच्या आळीतून काढा येतो! या बाजारानंच तुमची तोंडं सुटलीत."

तानूबाईची चूल शुक्रवारच्या बाजारावर पेटायची. बाजार गेला तर बांगड्या भरायच्या कोणाला, वेशीवरच्या मारुतीला? भीती वाटत होतीच, पण राग त्याहून मोठा होता. ती पदर खोचून तरातरा रथापाशी गेली.

"सरकार, आमच्या गावालाही गुपित राखता येतं!"

सगळा बाजार खो खो हसला. महाराजांची माणसं नव्हेत हो, गावकरीच! पाटलांना तर हसून हसून ठसका लागला.

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "असं म्हणतेस? मग मी तुला एक गुपित सांगतो. पुढच्या शुक्रवारपर्यंत ते गावात फुटलं नाही, तर बाजार तुमचा. पण दुकान बंद ठेवायचं नाही, गाव सोडायचं नाही, आणि कोणी विचारलं तर गप्प बसायचं नाही. गप्प बसलीस की हरलीस!"

मग खाली वाकून ते तिच्या कानात कुजबुजले, "आम्ही कोंबडीला भितो."

तानूबाईनं हसू कसंबसं गिळलं.

रथ वेशीबाहेर पडायच्या आत तिच्या दुकानापुढं ही रांग! गावाला एकाएकी बांगड्यांची हौस आली होती. पाटलीणबाईंनी तर कालच भरलेल्या बांगड्या उतरवून हात पुढं केला.

आता बांगड्या भरायचं काम कसं असतं? हात कासारणीच्या मुठीत, बांगडी हाडापाशी अडलेली, दोघींची डोकी जवळ. अशा वेळी गप्प बसणारी बाई अजून जन्मायची आहे.

"सांग ना गं," पाटलीणबाई म्हणाल्या. "मी काय कोणाला सांगते होय?"

तानूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "माझं नाव घेऊ नका हं. महाराजांना शेपूट आहे."

"अगं बाई गं!"

"चांगलं वीतभर. उगाच का मुंडाशाला एवढं कापड लागलं? निम्मं ते झाकायला!"

पाटलीणबाई एका हाताच्या बांगड्या भरायच्या ठेवूनच पळाल्या. मागून सोनारीण आली. तिला कळलं, की महाराज रात्री झाडावर झोपतात. साळिणीला कळलं, महाराज एक नाहीतच, जुळे भाऊ पाळीपाळीनं राज्य करतात. तेलिणीला कळलं, ते न्याहारीला शिकेकाई खातात. जितकी मनगटं, तितकी गुपितं! पाचव्या दिवशी तानूबाईला काही सुचेना, तेव्हा बायकाच तिला सुचवायला लागल्या.

शुक्रवारी महाराज नवं मुंडासं बांधून हजर! रथ बाजारात थांबला. त्यांनी समोरच्या भाजीवालीला दरडावून विचारलं, "काय गं, आमचं गुपित काय?"

"शेपूट!" भाजीवाली म्हणाली.

"शेपूट कुठलं? जुळे आहेत जुळे!" साळीण ओरडली.

"झाडावर झोपतात!" सोनारीण म्हणाली.

झालं! शेपूटवाले एकीकडं, झाडवाले दुसरीकडं. वांगी उडाली. पाटील आणि सोनार एकमेकांशी पुन्हा बोलणार नाही म्हणाले. दोघं-तिघं तर हळूच रथाच्या मागं जाऊन खाली वाकून बघायला लागले!

महाराज लालबुंद झाले. "अरे मूर्खांनो, शेपूटबिपूट काही नाही! आम्ही फक्त कोंबडीला भितो!"

मग पाटील हात जोडून म्हणाले, "काहीतरीच काय, सरकार! एवढे मोठे राजे आणि कोंबडीला भिणार? आम्ही लहान गावातले असू, पण इतके खुळे नाही."

"शेपूट लपवायला असं सांगतायत, दुसरं काय!" पाटलीणबाईंनी ठणकावलं.

तेवढ्यात या धांदलीत कोणाची तरी डालगी उलटली आणि एक तांबडी कोंबडी फडफडत थेट रथात! महाराज किंचाळले आणि सरसर रथाच्या छत्रीच्या दांड्यावर चढून बसले.

"बघा, बघा!" सोनारीण नाचायला लागली. "झाडावर झोपायची सवय आहे म्हणूनच असं चढता येतं!"

"तानूबाई!" महाराज वरून ओरडले. "आधी ती उचल!"

तानूबाईनं कोंबडी काखेत मारली आणि वर पाहिलं. "सरकार, राजधानीत गुपित टिकतं, कारण तिथं कोणी ऐकत नाही. इथं टिकतं, कारण सगळेच ऐकतात! आता तुम्ही स्वतः ओरडून सांगितलंत, कोणाला पटलं का?"

महाराज दांड्यावर बसल्या बसल्या हसायला लागले. इतके हसले, की घसरून खाली आले.

"बाजार तुमचा! आठवड्यातून दोनदा भरवा! कोंबड्या तेवढ्या ओढ्यापलीकडं ठेवा." मग त्यांनी डोक्यावरचं जांभळं मुंडासं उतरवून तिच्या हातात दिलं. "आणि हे तुला. खरं सांगू? आम्हाला ते शोभत नाही."

"ते तर गावानं तेव्हाच सांगितलं होतं, सरकार!" तानूबाई म्हणाली.