सिनेमाचं थोर वर्ष

हिरवडे संस्थानात थिएटर एकच होतं आणि रिवाजही एकच. सरकार बसलेले असेपर्यंत सगळ्यांनी बसायचं, सरकार उठले की सगळ्यांनी उठून घरी जायचं. आता सरकारांना मध्यंतरातच कंटाळा यायचा, त्याला कोण काय करणार?

एकदा सरकारांनी दरबारात विचारलं, "सिनेमाचं सगळ्यात थोर वर्ष कोणतं? थिएटरच्या दारावर कोरून घ्यायचंय."

दिवाणांनी तत्परतेने सरकारांच्या राज्यारोहणाचं वर्ष सांगितलं. दरबाराने माना डोलावल्या. राजकन्यांना शिकवणाऱ्या भागीरथीबाईंची मान तेवढी हलली नाही.

"मास्तरीणबाई, तुमचं वेगळं मत दिसतंय. बोला. पटलं नाही तर सामान बांधा."

"सरकार विलायतेला गेले होते, ते वर्ष."

दरबाराच्या माना खाली गेल्या.

"असे कोणते थोर सिनेमे आले होते त्या वर्षी?"

"सिनेमे नेहमीचेच होते, सरकार. पण त्या वर्षी प्रत्येक सिनेमाला शेवट होता."

सरकारांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "सामान राहू द्या."

त्या संध्याकाळी सरकार पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसले. पडद्यावर 'समाप्त' आलं, दिवे लागले. सरकार खुर्चीत गाढ झोपले होते.

सगळे बसून राहिले. भागीरथीबाईसुद्धा.