मगदूम सिस्टरांची सायकल

इचलकरंजीच्या मगदूम सिस्टर तीस वर्षं ज्या सायकलवरून घरोघरी बाळंतिणी तपासायला गेल्या, तीच सायकल त्यांना एकदा नॉर्वेच्या निळ्या किनाऱ्यावर चालवायची होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सायकलचं खोकं उघडून नाक मुरडलं.

"खेळाचं सामान असेल तरच जातं. ही तर घरगुती सायकल! परत न्या."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आपण शर्यत लावू या? मी हिच्यावर, तुम्ही पळत."

अधिकारी हसला. "आजी, तुम्हाला मी सहज हरवीन!"

"मग झालं की, साहेब! जिच्यावर हारजीत ठरते, ती खेळाचीच सायकल."

रांगेत हशा पिकला. अधिकाऱ्याने खोक्यावर 'खेळाचं सामान' अशी चिठ्ठी चिकटवली.

विमान ढगांवर तरंगू लागलं, तेव्हा झोपलेल्या सिस्टरांचे पाय सीटखाली हळूहळू पेडल मारत होते.