पास्कल कारभाऱ्यांचे पाय

लिंबाच्या वासाचा साबण, अर्धा झिजलेला.

पितळी कुलूप, पाण्याच्या टाकीच्या तोटीला.

एक गाठोडे. त्यात लुगडे, जपमाळ आणि वरवंटा. पाटा उचलवला नाही म्हणून मागे राहिला.

सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेली मिस्सेची पेटी.

“याला बसवणार? खुर्चीवर?”

भाविकहो, हे सारे एकाच दिवसातले आहे, आणि तो दिवस पवित्र गुरुवार होता. आता नीट सांगतो.

त्या काळी फादर इनास खैरदऱ्याच्या मिशनमध्ये राहत असत. मूळचे वसईचे, केळींच्या आणि भरल्या विहिरींच्या मुलखातले. पण एकदा घाट चढून आले ते या उघड्या माळाचेच झाले. लोक त्यांना इनासबाबा म्हणत. सायकलवरून वाड्यावस्त्यांना जात, प्रभुभोजनाची मिस्सा म्हणत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. वाटेत लहान मूल भेटले तरी आधी सायकलवरून उतरत आणि मगच बोलत. उपदेश फारसा करत नसत. “श्रद्धा देवळात शिकायची आणि दारात वापरायची,” एवढे मात्र त्यांच्या तोंडी नेहमी असे.

बाबांचे ते वाक्य सालोमीबाई रणपिसे यांनी फारच मनावर घेतले होते. बाई विधवा, गावाच्या कडेला एकट्या राहत, दुष्काळी कामावर खडी फोडत. त्यांच्या दारात कोणीही आले की आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, आणि त्यानंतर “कुठले तुम्ही?” रीत आपल्याकडची जुनीच, पण माणसे ती सोयऱ्याधायऱ्यांपुरती पाळतात. सालोमीबाई वडाराला, भंगार गोळा करणाऱ्याला, पिऊन वाट चुकलेल्यालासुद्धा तांब्या पुढे करीत. कोणाला वाकता येत नसेल, तर स्वतः खाली बसून त्याचे पाय धूत. परातीत साचलेल्या पाण्याने नंतर अंगण सारवत. पण ते बघायला कोणी थांबत नसे.

त्या वर्षी विहिरी आटल्या. टँकर येई तो मिशनच्या टाकीत रिकामा होई. घरटी दोन हंडे, असा नियम ठरला, आणि टाकीची किल्ली पास्कल कारभाऱ्यांच्या कमरेला लागली. कारभारी चर्चच्या पंचांतले मुख्य. आवाज खणखणीत, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. वाईट माणूस नव्हे, हेही सांगितले पाहिजे: टाकी आतून घासायला ते स्वतः उतरत, मजूर लावत नसत. पण किल्ली कमरेला लागली की माणूस ताठ चालू लागतो.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे त्या गुरुवारच्या चार दिवस आधी, मिस्सा सुटली. इनासबाबा दुसऱ्या वाडीला निघून गेले होते. कारभाऱ्यांनी देवळाच्या पायरीवरच सालोमीबाईंना अडवले.

“काय गं सालोमे, काल पुन्हा कुणाचं पाय धुतलंस?”

“बोहारणीचं, कारभारी. पायात काटा मोडला हुता तिच्या.”

“लोकांच्या नरड्याला पानी न्हाई आन् ही पाय धुती!” कारभारी गर्दीकडे वळले. “आरं, खुद्द येशूनं बारा जणांचं पाय धुतलं, त्ये बी एकदाच. तू रोज धुतीस. त्याच्यापरीस मोठी झालीस व्हय गं तू?”

लोक हसले. सालोमीबाईंनी पदर सारखा केला.

“मी कशाची मोठी? त्याला दुसऱ्या दिशी क्रुसावर न्हेलं, कारभारी. त्याच्या हातात येळ नव्हता. मला रोज दुसरा दिस मिळतोय, म्हून रोज धुती.”

हसू थांबले. कारभाऱ्यांना ते थांबलेले आवडले नाही.

“ऐक मग. हितून पुढं एक जरी परका पाय तुझ्या परातीत दिसला, तर तुझा वाटा बंद. मग बस धूत.”

वाटा बंद म्हणजे काय, हे त्या माळावर कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. पाण्यावाचून घर नाही. सालोमीबाईंना मग राहुरीला भावाच्या दारात जाऊन पडावे लागणार, आणि नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेले ते दोन खणांचे घर मोकळे पडणार.

गुरुवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर एक माणूस येऊन टेकला. निवृत्ती नावाचा पाथरवट, जामखेडकडचा. खाण बंद पडली म्हणून पायी घरी निघालेला. टाचा चिरलेल्या, एका तळव्याला जखम चिघळलेली. सालोमीबाईंनी हंड्याकडे पाहिले. मग माणसाकडे पाहिले. मग परात घेतली.

दुपारपर्यंत बातमी कारभाऱ्यांना पोचली. बाबा तेव्हा सायकलला मिस्सेची पेटी बांधून वाडीवरच्या आजाऱ्यांकडे गेले होते. वाटा बंद झाला.

सालोमीबाईंनी तक्रार केली नाही. गाठोडे बांधले. उरलेले पाणी एका तांब्यात भरून वर वाटी झाकली, वाटेत प्यायला. पाहुण्याला म्हणाल्या, “मी सांजच्या यष्टीनं चालले. तुमी पाय बरा होईस्तवर ऱ्हावा. कडी आतनं लावा, कुत्री येत्यात.” आणि मिस्सा ऐकून थेट थांब्यावर जाता यावे म्हणून गाठोडे, तांब्या घेऊन देवळात आल्या, मागे दाराशी बसल्या.

आता खैरदऱ्याची एक गंमत सांगायला हवी. पवित्र गुरुवारी प्रभूच्या आठवणीसाठी बारा जणांचे पाय धुतात, हे आपण जाणताच. पण खैरदऱ्यात त्या बारा जणांनी घरूनच पाय घासूनपुसून यायचे, असा प्रघात पडला होता. बाबांच्या हाताला घाण कशी लागू द्यायची? त्यामुळे दरवर्षी बाबा धुतलेलेच पाय धूत, आणि पुसताना हळूच म्हणत, “अरे, माझ्यासाठी थोडं तरी ठेवायचं.” दुष्काळातही हा प्रघात मोडला नाही. बाकीच्यांनी ओल्या फडक्याने भागवले. पास्कल कारभाऱ्यांनी मात्र दार लावून, विटेच्या तुकड्याने आणि तालुक्याहून आणलेल्या साबणाने, घोटे लाल होईपर्यंत पाय घासले होते.

त्यांची खुर्ची पहिली. गावात तिला पेत्राची, म्हणजे प्रभूच्या पहिल्या शिष्याची, खुर्ची म्हणत.

त्या दिवशी बारावी खुर्ची रिकामी राहिली. लाजरस म्हातारा तापाने पडला होता. शुभवर्तमान वाचून झाले. इनासबाबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग दाराशी पाहिले, गाठोडेही पाहिले. विचारले एवढेच :

“सालोमीबाई, आज तुमच्या ओसरीवर कोणी पाहुणे आहेत का?”

देवळात खसखस पिकली.

“हायेत, बाबा. निवृत्ती म्हून हायेत. पर ते आपल्यातलं न्हाईत.”

“पाय आहेत ना त्यांना?”

“हायेत. पर लई फुटल्यात.”

“मग बोलवा. सांगा, बाबा वाट बघतायत.”

निवृत्ती काठी टेकत लंगडत आला आणि उंबऱ्यावरच थबकला. कारभाऱ्यांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि नजर छताला लावली.

“याला बसवणार? खुर्चीवर?”

“कारभारी,” बाबा म्हणाले, “खुर्ची माझी नाही, तुमचीही नाही. ज्याचं जेवण आहे, त्याची आहे.” आणि त्यांनी स्वतः जाऊन पाहुण्याचा हात धरला.

पाण्याची एकच कळशी होती. बाबांनी झगा आवरला, पंचा कमरेला बांधला, आणि दरवर्षी पहिल्या खुर्चीपासून सुरुवात करायचे ते त्या दिवशी शेवटच्या खुर्चीसमोर गुडघे टेकले. बारीक धार धरली. निवृत्तीच्या पायांवर धूळ होती, रक्त होते. पण पाणी परातीत पडले ते जसेच्या तसे. तळाची कल्हई दिसत होती! बाबांनी क्षणभर डोळे मिटले. मग ते पाय पुसले, त्यांचे चुंबन घेतले, आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले. तिथेही पाणी स्वच्छ. सगळीकडे स्वच्छ.

शेवटी पास्कल कारभारी. कळशी तळाला गेली होती. कारभाऱ्यांनी ते लालबुंद, साबणाच्या वासाचे पाय पुढे केले. बाबांनी धार सोडली.

परातीत काळे पाणी पडले.

काजळ खलल्यासारखे काळे. बाबांनी पुन्हा पाणी घातले. पुन्हा काळेच. पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. परात भरत आली, पण कळशी काही संपेना! घोटभर उरलेले ते पाणी धारेने पडतच राहिले आणि काळे होतच राहिले.

“परात खराब आसंल,” कारभारी म्हणाले.

बाबांनी परात बदलायला लावली. नव्या परातीतही तेच.

“बाबा, माज्या पायाला काय बी न्हाई! सकाळीच दोन बादल्या पान्यानं…”



“दोन बादल्या?” मागून एका बाईचा आवाज आला. “आवं, आमच्या घरात सात मानसं हायेत!”

बाबांनी हात वर केला तशी कुजबुज थांबली. ते अजून गुडघ्यांवरच होते. खालून वर, कारभाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाले, “मला फक्त पाणी ओतता येतं, कारभारी. काळं कशानं होतंय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.”

धार पडतच होती. कारभाऱ्यांनी परातीत पाहिले.

“सालोमीचा वाटा मी तोडला,” ते म्हणाले. “दुपारी. आन्…” त्यांनी शेवटच्या खुर्चीकडे पाहिले.  निवृत्तीने मान खाली घातली, जणू लाज त्यालाच वाटली.

त्याच क्षणी कळशी संपली. शेवटचा थेंब पडला तो मात्र नितळ होता.

पण कारभाऱ्यांच्या पायांवर काळे ओघळ तसेच राहिले. बाबांनी कळशी उपडी करून दाखवली. देवळात पाणी नाही, टाकीला कुलूप, आणि किल्लीला हात लावण्याचा धीर कारभाऱ्यांना होईना.

तेव्हा दाराशी वाटी वाजली. सालोमीबाई तांब्या घेऊन पुढे येत होत्या. बाहेर एसटीने हॉर्न दिला, एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी मागे पाहिले नाही. बाबांनी उठून त्यांना जागा करून दिली.

कारभाऱ्यांनी पाय मागे ओढले.

“नको, सालोमे. माजं नको धुऊस. मी तुजं पानी तोडलंय.”

“आवं, तुमी माज्या दारात आला असता तरी धुतलंच असतं. आज तर देवाच्या दारात हाय. करा पुढं.”

“त्ये तुजं प्यायचं पानी हाय गं!”

“कारभारी, गुडघं दुखत्यात माजं. लवकर करा.”

रडतारडता माणसे हसली, आणि कारभाऱ्यांनी पाय पुढे केले. सालोमीबाईंनी तांब्या कलता केला. पाणी घोट्यांवरून, टाचांवरून परातीत उतरले. स्वच्छ! काय सांगावे, त्या पाण्यात सालोमीबाईंचा चेहरा दिसत होता!

एसटी निघून गेल्याचा आवाज आला.

पास्कल कारभारी खुर्चीवरून उतरले. गुडघ्यांवर बसले आणि कपाळ सालोमीबाईंच्या पावलांवर टेकवले. त्या “अगं बया, उठा, उठा” म्हणत मागे सरत होत्या. मग कारभारी तसेच ओल्या पायांनी बाराव्या खुर्चीपाशी गेले. तिथेही त्यांनी डोके टेकवले, आणि तिथून ते लवकर उठले नाहीत.

इनासबाबा वेदीकडे वळले. “आता मिस्सा पुढे नेऊ,” ते म्हणाले. “आता जेवायला बसण्यासारखे झालो आपण.”

पुढे किल्ली देवळाच्या खिळ्याला लटकत राहिली आणि सालोमीबाई आपल्या घरात राहिल्या. निवृत्तीच्या पायाला कारभाऱ्यांच्या घरून रोज हळद-तेल जाई. पुनरुत्थानाच्या रविवारी तो काठीशिवाय चालला.

त्या गुरुवारी सकाळी निवृत्ती पाणी मागायला आधी पास्कल कारभाऱ्यांच्या दारात गेला होता, आणि तहानलेलाच परतला होता.